600 फुटांचं बोअर आणि मोसंबी: हिशेब आठव्या वर्षाच्या मे महिन्याचा धरा

अडीच एकर रान आहे, विहीर मार्चअखेर तळ गाठते, म्हणून 600 फुटांचं बोअर मारून मोसंबी लावू का, असं विचारलंत. भाऊ, बोअरच्या भरवशावर लावू नका.

घात होतो तो असा. पहिल्या उन्हाळ्यात रोपाला रोज 8-10 लिटर पाणी पुरतं. बोअर नवं, पाणी भरपूर, त्यामुळे निर्णय बरोबर वाटतो. आठव्या वर्षी तेच झाड मे महिन्यात रोज 100 लिटर मागतं, आणि तोवर बोअर उतरलेलं असतं. आपल्या काळ्या कातळात पाणी मुरतं ते मुख्यतः वरच्या मुरमाच्या थरात. खाली नुसत्या भेगा. त्या उपसायला वेळ लागत नाही, भरायला फार लागतो. शेजाऱ्यानं 800 फूट मारलं की तीच भेग दोघांत वाटली जाते. 2012च्या दुष्काळात जालन्याकडच्या बागा जळाल्या, त्यात ऐन फळावरची झाडं होती. मोसंबीला बहर धरायलाच चार-पाच वर्षं जातात. वाळलं की तेवढी वर्षं परत मोजायची.

आता आकडे. 6 बाय 6 मीटरवर अडीच एकरांत 275 झाडं बसतात. रोज 27,500 लिटर. एप्रिलपासून मृगापर्यंत 75 दिवस धरले तर साडेवीस लाख लिटर.

हे पाणी बोअरऐवजी शेततळ्यात साठवायचं. 30 बाय 30 बाय 3 मीटरचं, 1:1 उताराचं शेततळं भरतं जवळपास 22 लाख लिटर. बरोबर जमलं असं वाटेल, पण दिवाळीपासून मृगापर्यंत सव्वा मीटर पाणी उन्हा-वाऱ्यानं उडतं. वरचा भाग रुंद, म्हणून ते 10 लाख लिटर भरतं. उरलं 12 लाख. म्हणजे झाडं 150, त्याहून एकही जास्त नको. तळ्याला 500 मायक्रॉनचा प्लॅस्टिकचा कागद घाला (मुरमात बिनकागदाचं तळं पाणी धरत नाही) आणि ऑगस्ट-सप्टेंबरात विहीर काठोकाठ असताना भरून घ्या. उरलेल्या एकरभरात तूर, हरभरा घ्या. पाऊस दगा देईल त्या वर्षी हरभरा पेरायचा राहिला तर एक हंगाम जातो, बाग जात नाही.

तरीही बोअरच मारायचं ठरलं, तर 60 मीटरपेक्षा खोल विहिरींवर 2009च्या भूजल कायद्याची बंधनं आहेत, ती आधी विचारून घ्या. आणि रोपं सांगण्याआधी मे महिन्यात मोटार सलग 8 तास चालवून बघा. 275 झाडांसाठी 200 लिटरचा ड्रम साडेतीन मिनिटांत भरला पाहिजे, आठव्या तासालासुद्धा.