औषधं चालू असूनही मुलाच्या फिट थांबत नाहीत, मेंदूचं ऑपरेशन करावं का?

तुम्ही लिहिलंय की मुलगा सात वर्षांचा आहे, दोन औषधं पूर्ण डोसमध्ये चालू असूनही फिट येतात, आणि घरची मोठी माणसं म्हणतात, 'मेंदूला हात लावायचा तो अगदी शेवटी.' आम्ही गोव्यातल्या फोंड्याचे. माझ्या मुलीचं हे ऑपरेशन झालंय, म्हणून सांगतो: ऑपरेशनचं नंतर ठरवा, पण त्यासाठीची तपासणी आत्ताच करून घ्या. नीट निवडलेली दोन औषधं लागू पडली नाहीत, तर तिसऱ्याने फिट पूर्ण थांबण्याची आशा फार थोडी असते. (आमच्याकडे देवळात कौलही लावून झाला होता. कौल उजवा आला, नाहीतर आई ऐकली नसती.)

सगळा खेळ मेंदूत फिट जिथून सुरू होते ती जागा सापडण्याचा आहे. साध्या एमआरआयवर 'नॉर्मल' शेरा आला म्हणून थांबू नका. मेंदूच्या सालीचा गर्भातच चुकीचा घडलेला एखादा बारीक तुकडा त्यात सहज निसटतो. ३ टेस्लाच्या (जास्त ताकदीचं चुंबक असलेल्या) मशीनवर, खास अपस्मारासाठीच्या, म्हणजे फिटच्या आजारासाठीच्या पद्धतीने काढलेला एमआरआय मागा. मग व्हिडिओ ईईजी, म्हणजे कॅमेरा चालू ठेवून मेंदूतल्या विजेच्या लहरींची नोंद. त्यात औषध कमी करून मुद्दाम फिट येऊ देतात. आईबापाला ते बघवत नाही, पण त्या वेळी मुलाला मिठी मारू नका, चादर बाजूला करा. कोणता हात आधी हलला हे कॅमेऱ्याला दिसलं पाहिजे. एमआरआय आणि ईईजी एकाच जागेकडे बोट दाखवत असतील, तर डॉक्टर ऑपरेशनबद्दल जास्त खात्रीने बोलतात.

ऑपरेशनच्या वेळी तोच एमआरआय कॉम्प्युटरवर असतो आणि सर्जनचं अवजार मेंदूत कुठे आहे ते पडद्यावर दिसतं. मात्र कवटी उघडून आतलं पाणी निघालं की मेंदू थोडा सरकतो आणि आधीचं चित्र चुकायला लागतं. म्हणून काही ठिकाणी मध्येच सोनोग्राफी किंवा पुन्हा एमआरआय करतात. लेझरच्या ऑपरेशनमध्ये बारीक छिद्रातून तंतू घालून तेवढीच जागा जाळतात, तापमान एमआरआयवर बघत. ऐकायला छान वाटतं, पण मोठ्या किंवा पसरलेल्या दोषाला ते पुरत नाही.

दिल्लीच्या एम्सचा ११६ मुलांवरचा अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. वर्षभरानंतर ऑपरेशन झालेल्यांपैकी ७७ टक्के मुलांच्या फिट थांबलेल्या होत्या, नुसत्या औषधांवरच्या ७ टक्के. पण ऑपरेशनवाल्यांपैकी तिसऱ्या हिश्शाला गंभीर त्रासही झाला, बहुतेकांना एका बाजूची कमजोरी. माझ्या मुलीचा डावा हात अजून थोडा जड आहे. ते आधीच सांगितलं होतं, आणि आम्ही ते मान्य करूनच सही केली. गोळ्याही लगेच बंद होत नाहीत.

तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा या वैद्यकीय संस्थेत १९९५ पासून ही ऑपरेशनं होतात, आणि मडगावहून नेत्रावती एक्स्प्रेस थेट जाते. निघण्याआधी बांबोळीला गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात) न्यूरोच्या डॉक्टरांना भेटून पत्र घ्या आणि सरकारी मेडिक्लेमचं तिथेच विचारा. सोबत एमआरआयची सीडी न्या, नुसत्या फिल्म नकोत. आणि घरी फिट आली की मोबाईलवर तिचा व्हिडिओ काढून ठेवा.