क्लच कंपनीचा की बाहेरचा?

या वेळी बरीच पत्रं एकाच विषयावर आली: लहान पण पळणाऱ्या गाडीचा क्लच. त्यातली पाच घेतली आहेत. पहिल्या उत्तरातला हिशोब पुढच्या उत्तरांतही लागणार आहे, म्हणून ते जरा लांबलंय.

प्रश्न (पुणे): माझी फोक्सवागन पोलो १.० टीएसआय, २०२० ची, सहा गियरची मॅन्युअल. ५४,००० किमी झाले. रीमॅप (इंजिनाच्या कंप्युटरची सेटिंग बदलणं) केल्यावर टॉर्क (इंजिनाचा फिरवण्याचा जोर) १७५ वरून २२५ न्यूटन-मीटर झाला, असं ट्यूनर सांगतो. आता खंडाळ्याच्या चढाला पाचव्यात पूर्ण दाबली की आरपीएमचा काटा उडतो, गाडी मात्र तेवढीच पळते. ‘स्टेज २’ क्लच टाकायचा सल्ला मिळालाय. कंपनीचाच नवा सेट पुरणार नाही का?

उत्तर: लक्षण क्लच स्लिप होण्याचंच, म्हणजे दाबलेली असूनही प्लेट घसरण्याचंच आहे. तरी आधी दोन गोष्टी बघून घ्या. पेडल सोडल्यावर रिलीज बेअरिंग (पेडल दाबलं की क्लच सोडवणारं बेअरिंग) पूर्ण मागे येतं का? आणि बेल हाउसिंगच्या (क्लचवरच्या आवरणाच्या) खालच्या बाजूला तेलाचा ओलावा आहे का? क्रँकचं मागचं ऑइल सील किंवा गियरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचं सील गळत असेल, तर कितीही महाग प्लेट टाका, आठवडाभरात तीही तेल पिऊन स्लिप होईल.

दोन्ही ठीक असतील तर प्रश्न ताकदीचा. क्लच किती टॉर्क पेलतो हे चार आकड्यांवर ठरतं: लायनिंगची (प्लेटवरच्या घासणाऱ्या थराची) घर्षणक्षमता, प्रेशर प्लेटचा (क्लच प्लेटला फ्लायव्हीलवर, म्हणजे इंजिनाच्या फिरत्या जड चाकावर, दाबणाऱ्या तबकडीचा) दाब, लायनिंगची सरासरी त्रिज्या आणि घासणाऱ्या दोन बाजू. उदाहरण म्हणून २०० मिमीची प्लेट घ्या. घर्षणांक ०.२७, दाब ४,८०० न्यूटन, सरासरी त्रिज्या ०.०८३ मीटर. गुणाकार करून दोनने गुणलं की साधारण २१५ न्यूटन-मीटर येतात. १७५ च्या इंजिनाला हे भरपूर वाटतं. पण घाटात प्लेट तापली आणि घर्षणांक ०.२२ वर घसरला, की तीच प्लेट १७५ वर येते. कंपनी जास्तीची ताकद ठेवते ती या तापण्यासाठी. तुमच्या रीमॅपने ती वापरून टाकली. त्यात तुमचं टर्बो इंजिन पूर्ण टॉर्क खालच्या आरपीएमलाच देतं, म्हणून स्लिप आधी वरच्या गियरमध्ये, २,००० ते ३,००० च्या दरम्यान जाणवते.

म्हणजे मूळ ताकदीचा नवा सेट टाकला तर काही महिने बरं वाटेल आणि पुन्हा हेच. तुम्हाला हवी आहे जास्त दाबाची प्रेशर प्लेट आणि तिच्यासोबत ऑरगॅनिक (सिरॅमिक नसलेल्या, नेहमीच्या) लायनिंगची, स्प्रिंग असलेली प्लेट. वरच्या उदाहरणात दाब २५ टक्क्यांनी वाढवून ६,००० न्यूटन केला की ताकद २६९ वर जाते. तापून घर्षणांक ०.२२ झाला तरी २१९ उरतात, २२५ ला जवळपास पुरे. याहून जास्त घेऊ नका.

‘स्टेज’ या शब्दावर जाऊ नका, त्याचं काही ठरलेलं माप नाही. एकाची स्टेज १ दुसऱ्याच्या स्टेज २ पेक्षा दमदार असू शकते. दुकानदाराला एकच विचारा: हा सेट किती न्यूटन-मीटरला रेट केलाय आणि तो आकडा फ्लायव्हीलवरचा आहे का? उत्तरात हॉर्सपॉवर ऐकू आली तर दुकान बदला.

आणखी एक. क्लच हा गाडीचा फ्यूज आहे. तो मजबूत केला की पुढचा कमकुवत दुवा गियरबॉक्स. तुमच्या गाडीतल्या एमक्यू-२०० गियरबॉक्सच्या नावातले २०० म्हणजे त्याची टॉर्कची पातळी. २२५ ला तो लगेच मोडणार नाही, पण पहिल्या-दुसऱ्यात क्लच ‘सोडून’ गाडी उडवायची सवय असेल तर ती आता सोडा. ट्यूनर तयार असेल तर खालच्या गियरमधला टॉर्क मॅपमध्येच कमी करून घ्या. माझ्या मते क्लचवर पैसे घालायच्या आधी करायचं काम हेच.

प्रश्न (नाशिक): पेट्रोल स्विफ्ट आहे. महिन्यातून एकदा ऑटोक्रॉस (मोकळ्या जागेत वळणावळणाच्या मार्गावर वेळेविरुद्धची शर्यत), बाकी रोज ऑफिस. सिक्स-पक (लायनिंगऐवजी सहा तुकडे असलेली) सिरॅमिक प्लेट टाकू का? एवढ्याशा सहा तुकड्यांवर गाडी कशी पेलते?

उत्तर: टाकू नका. १.२ पेट्रोलचा टॉर्क ११३ न्यूटन-मीटर, त्यासाठी पक म्हणजे लग्नाच्या पंगतीला फौजेची कढई.

दुसरा प्रश्न मात्र चांगला आहे. घर्षणाचं बळ दाबावर आणि पदार्थावर ठरतं, क्षेत्रफळावर नाही. म्हणून सहा तुकडेही तेवढाच, किंबहुना जास्त टॉर्क पेलतात. क्षेत्रफळ कामाला येतं ते झीज आणि उष्णता वाटून घ्यायला. सिरॅमिक-धातूचा पक उष्णता सोसतो, पण हळुवार धरत नाही. सोडला की एकदम पकडतो, गाडी थरथरते, आणि रोजच्या ट्रॅफिकमध्ये फ्लायव्हीलवर चर पडतात. त्यात स्प्रिंग नसलेला हब (प्लेटचा मधला भाग) असेल तर न्यूट्रलमध्येही गियरबॉक्स खडखडतो.

उष्णतेचा हिशोब मांडला की कोणाला काय हवं ते कळतं. माणसांसकट १,१०० किलोची गाडी हलक्या पायाने उचलली आणि क्लच ताशी १० किमीला पूर्ण बसला, तर प्लेटमध्ये साधारण ४.२ किलोज्यूल उष्णता जाते. स्टार्ट लाइनवरून ५,००० आरपीएमला सोडून ताशी ३९ किमीला बसला तर सुमारे ६४. म्हणजे एक रेस-स्टार्ट पंधरा साध्या स्टार्टइतका. महिन्यातून दहा-बारा स्टार्ट चांगली ऑरगॅनिक प्लेट सहज सोसते, फक्त दोन स्टार्टच्या मध्ये पाच मिनिटं थंड होऊ द्या.

आता तुमच्या ऑफिसच्या रस्त्यावरचा चढ. १० टक्के चढावर हाफ क्लचने १,२०० आरपीएमला गाडी धरून ठेवली तर प्लेटमध्ये जवळपास २.८ किलोवॅट उष्णता जाते. अर्धा मिनिट धरली की वीस साधे स्टार्ट झाले. तुमचा क्लच ऑटोक्रॉसपेक्षा सिग्नलवरच जास्त जळतो. हँडब्रेक वापरा.

प्रश्न (कोल्हापूर): कंपनीच्या डब्यातला सेट महाग आहे. बाहेर लूक, वॅलिओ, एक्सेडी असे सेट स्वस्तात मिळतात. हे ‘लोकल’ समजायचे का?

उत्तर: नाही. ‘बाहेरचा’ या एका शब्दात तीन वेगळ्या गोष्टी येतात आणि गोंधळ तिथेच होतो. तुम्ही लिहिलेली नावं स्वतःच गाडी कंपन्यांना क्लच पुरवतात. इंजिनात काही बदल केला नसेल, तर आपल्या गाडीच्या पार्ट नंबरला जुळणारा त्यांचा सेट डोळे झाकून घ्या. दुसरा प्रकार वर सांगितलेला जास्त ताकदीचा सेट. तिसरा म्हणजे नुसती जुनी प्लेट नव्या लायनिंगने भरून दिलेली किंवा बनावट डब्यातली. या तिसऱ्यापासून लांब राहा. प्लेट हातात घेऊन रिव्हेटची डोकी सगळीकडे सारखी खोल आहेत का बघा, हबच्या स्प्रिंगा हाताने खुळखुळतात का बघा. डब्यावरचा नंबर प्लेटवर कोरलेल्या नंबराशी ताडून घ्या.

प्रश्न (पणजी): नवा सेट टाकला, तरी गाडी उचलताना थरथरते आणि रिव्हर्स पडताना करकर. गॅरेजवाला म्हणतो, प्लेट बसली की जाईल.

उत्तर: थरथर कदाचित जाईल, करकर जाणार नाही. करकर म्हणजे पेडल दाबूनही क्लच पूर्ण सुटत नाही. हायड्रॉलिक लाइनमध्ये हवा राहिली असेल तर ब्लीड केल्यावर सुटेल, तेवढं आधी करून घ्या. नाहीतर संशय फिटिंगवर. गियरबॉक्स चढवताना त्याचं वजन क्षणभर जरी इनपुट शाफ्टवर लटकलं तरी हब वाकतो, आणि वाकलेली प्लेट कायम घासत राहते. ट्रान्समिशन जॅक न लावता दोघांनी हातावर गियरबॉक्स चढवला की हे हमखास होतं.

थरथरीचं नेहमीचं कारण जुनं फ्लायव्हील. निळे डाग पडले असतील तर तिथलं लोखंड कडक झालेलं असतं, एमरी पेपरने ते जात नाही. लेथवर कट घ्यावा लागतो. पायरी असलेलं फ्लायव्हील असेल तर दोन्ही पृष्ठभाग सारखेच कापायचे, नाहीतर दाब बदलतो. ड्युअल-मास (स्प्रिंगांनी जोडलेल्या दोन भागांचं) असेल तर कट घ्यायचाच नाही, खेळ मोजायचा आणि मर्यादेबाहेर असेल तर बदलायचं.

पुन्हा उतरवाल तेव्हा गॅरेजमध्ये उभे राहून एवढं बघा. प्रेशर प्लेटवरचं गंजरोधक तेल ब्रेक क्लीनरने पुसलंय. ‘गियरबॉक्स साइड’ लिहिलेली बाजू गियरबॉक्सकडेच आहे. प्लेट बरोबर मध्यावर ठेवणारं सेंटरिंग टूल वापरलंय. बोल्ट आलटून-पालटून, प्रत्येकी अर्धा फेर देत आवळलेत आणि शेवटी मॅन्युअलमधल्या टॉर्कला टॉर्क रेंचने. स्प्लाइनला (इनपुट शाफ्टच्या दातांना) ग्रीसचा नुसता हात, जास्तीचं पुसलेलं, कारण फिरताना ते उडून लायनिंगवर जातं. रिलीज बेअरिंग आणि क्रँकचं मागचं सील याच वेळी बदला. गियरबॉक्स उतरवायची मजुरी सीलच्या किमतीच्या कितीतरी पट असते. त्यानंतर पहिले ५०० ते ८०० किमी शहरातच चालवा, पूर्ण थ्रॉटल नको. हायवेवर एका गियरमध्ये शंभर किमी पळवल्याने प्लेट बसत नाही. ती बसते वारंवार धरण्या-सोडण्याने.

प्रश्न (सातारा): डिझेल स्विफ्टचा क्लच दमदार असतो. तो माझ्या पेट्रोल स्विफ्टला बसेल का? आणि हलकं फ्लायव्हील?

उत्तर: प्लेटचे स्प्लाइन, जाडी आणि फ्लायव्हीलवरचे बोल्ट तिन्ही जुळले तरच बसतो, आणि ते वेगळे आहेत. १९० न्यूटन-मीटरच्या डिझेलसाठीचा दाब ११३ च्या इंजिनाला लावून मिळणार काय, तर जड पेडल. हलकं फ्लायव्हील इंजिन झटकन फिरवतं, पण खालच्या आरपीएमला गाडी पटकन बंद पडते. साताऱ्यात राहून रोज घाट चढत असाल तर जुनंच असू द्या.