एनएसएसच्या (राष्ट्रीय सेवा योजनेच्या) सात दिवसांच्या शिबिरात सोलापूरजवळच्या खेड्यात आरोग्याचं काय काम करता येईल?

औषधं वाटायला जाऊ नका. तपासणी ठेवायची असेल तर प्राथमिक आरोग्य केंद्राचे डॉक्टर सोबत हवेतच. गावात गेल्यावर आधी आशाताईंना, म्हणजे गावातल्या आरोग्यसेविकांना भेटा. कोण गरोदर आहे, कोणाची बीपीची गोळी सुटलीय, हे त्यांना तोंडपाठ असतं.

माझ्या मते सगळा जोर रक्तक्षयावर लावा. लोहाची गोळी चहाबरोबर घेतली की त्यातलं लोह नीट अंगी लागत नाही. गोळी लिंबूपाण्याबरोबर घ्यायची, चहा तासा-दोन तासांनी, हे घरोघरी बसून सांगा. गोळीने शौचाला काळं होतं. त्या भीतीने बायका गोळ्या सोडून देतात, म्हणून तेही आधीच मोकळेपणाने बोला. मुलींनी मुलींशी बोललेलं उत्तम.

जोडीला ओआरएस, म्हणजे जुलाबात द्यायची क्षार-साखरेची पूड, कशी करायची ते दाखवा. तिचं मोठं पाकीट अख्खं एक लिटर पाण्यात घालायचं असतं. भाषण नको, त्यांच्याच घरातल्या तांब्याने लिटर मोजून दाखवा.

अक्कलकोट किंवा दक्षिण सोलापूरकडे जाणार असाल तर गटात कन्नड बोलणारं कुणीतरी हवंच. आणि दुपारी कार्यक्रम ठेवू नका, बाया रानात असतात. दिवेलागणीनंतर देवळापुढे जमतात.