परदेशी निधी थांबला की आशियातले स्वयंसेवी प्रकल्पही बंद पडतात का?

बरेच पडतात, सगळे नाही. काम शिकून लोकांच्या हाती गेलं असेल तर ते टिकतं. बांगलादेशातल्या ब्रॅकचंच बघा. फझले हसन अबेद यांनी 1972 मध्ये उभी केलेली ही संस्था. 1980 पासून दहा वर्षं तिच्या कार्यकर्त्या घरोघरी जाऊन आयांना जुलाबावरचं मीठ-गुळाचं पाणी करायला शिकवत होत्या: चिमूटभर मीठ, मूठभर गूळ, अर्धा शेर पाणी. एक कोटीहून जास्त घरं झाली. पैसा परदेशी देणगीदारांचाही होता.

मला त्यात सगळ्यात मोलाची वाटते ती मोबदल्याची पद्धत. शिकवून झाल्यावर काही दिवसांनी तपासनीस यायचे आणि आईला काय आठवतंय ते विचारायचे. तिच्या उत्तरांवर कार्यकर्तीचे पैसे ठरायचे. त्यामुळे नुसतं दार वाजवून पुढे जाणं परवडतच नसे! पुढे देणगीदारांचे करार संपले, तरी ती कृती घराघरात राहिली.

म्हणून एखादा प्रकल्प पारखताना अहवालातल्या लाभार्थींच्या आकड्याआधी एवढं विचारा: शिकवलेलं लोकांना येतंय का हे कोण तपासतं, आणि किती दिवसांनी?