पडलेला डास उठून उडतो तेव्हा

प्रश्न: आमच्या चाळीत धूरवाले येऊन गेले की तासाभरात डास परत हजर! परवा कोपऱ्यात पडलेले डास सुपलीत भरायला गेले तर त्यातले दोन चक्क उडाले. औषधात भेसळ असते का? आणि नवीन औषध चालतंय की नाही हे तपासतात तरी कसं?
— एक वाचक, लालबाग

उत्तर: ताई, भेसळ आहे की नाही ते मी इथे बसून काय सांगणार, पण पडलेला डास उठतो हे अगदी खरंय. कॉइल, लिक्विड मशीन यात बहुतेक पायरेथ्रॉइड गटातलं औषध असतं, ते डासाच्या नसांवर काम करतं, डास लगेच आडवा होतो, पण सरावलेला असेल तर थोड्या वेळाने सावरतो.

म्हणून टेस्टमध्ये शेवटी किती पडले ते नाही, किती मेले ते मोजतात. डब्ल्यूएचओच्या पद्धतीत 20-25 माद्या (नर चावतच नाहीत, त्यांचं काय करायचंय!) औषध लावलेल्या कागदाच्या नळीत तासभर ठेवतात, मग स्वच्छ नळीत सोडून साखरपाण्याचा कापूस देतात आणि 24 तासांनी मोजदाद. 98 टक्के किंवा जास्त मेल्या तर औषध लागू पडतंय, 90 च्या खाली गेलं तर डास दाद देत नाहीत. शेजारी बिनऔषधाच्या कागदाची नळी असतेच, त्यातल्याच 20 टक्क्यांहून जास्त मेल्या तर अख्खी टेस्ट बाद.

गंमत क्लोरफेनॅपिर या वेगळ्या गटातल्या डासांच्या औषधाची. ते नसांना हात लावत नाही, पेशींमधली ऊर्जा तयार होणंच बंद पाडतं, त्यामुळे डास सावकाश मरतो आणि मोजणी 72 तासांपर्यंत न्यावी लागते, 24 तासांवर थांबलं तर चांगलं औषध नापास व्हायचं. मच्छरदाणीवर पायरेथ्रॉइडसोबत हे वापरायची शिफारस डब्ल्यूएचओने 2023 मध्ये केली, त्याआधी आफ्रिकेत खास बांधलेल्या झोपड्यांमध्ये माणसं त्या मच्छरदाणीत झोपवून सकाळी मेलेले-जिवंत डास वेचून मोजले होते.

मुंबईत मात्र मलेरिया पसरवणारा ॲनोफिलीस स्टीफेन्सी वाढतो टाक्या-विहिरींच्या स्वच्छ पाण्यात, आणि रात्री कानाशी गुणगुणणारा बहुतेक वेळा गटारातला क्युलेक्स असतो, दोघांचं घरच वेगळं. धुराने फक्त उडणारे डास मरतात, टाकीतल्या अळ्या मजेत. तेव्हा चाळ कमिटीला गच्चीवर पाठवा, टाकीचं झाकण घट्ट बसतं का आणि ओव्हरफ्लोच्या पाइपला जाळी आहे का ते बघायला सांगा.