माहीत आहे म्हणजे माहीत आहे

बाळा,

तुझ्या प्रश्नाला व्हॉट्सअ‍ॅपवर दोन ओळींत उत्तर देता येईना, म्हणून हे पत्र. तू लिहिलंस ते असं: पितृपक्ष चालू आहे, बाल्कनीला कबुतरांची जाळी लावलेली, म्हणून आजी कावळ्याची वाडी घेऊन गच्चीवर जातात. परवा कावळा आला तेव्हा म्हणाल्या, "आले बघ तुझे आजोबा." तू विचारलंस, "तुला कसं माहीत?" तर म्हणाल्या, "माहीत आहे म्हणजे माहीत आहे." तुला रागच आला. जे कुणालाच दिसत नाही त्याबद्दल इतकं छातीठोक बोलणं हा गर्वच नाही का, आणि आपल्याकडे सगळे असेच का बोलतात, हा तुझा प्रश्न.

सगळे असेच बोलत नाहीत. पण त्याआधी आजोबांच्या दहाव्याचं सांगते, कारण ते तुला कुणी सांगितलं नसणार.

दहावा पुण्यात ओंकारेश्वराच्या घाटावर झाला. तू लहान होतीस, तुला शेजारच्या काकूंकडे ठेवलं होतं. बायकांनी घाटावर कशाला, असं म्हणणारे होतेच; आजी म्हणाल्या मी जाणार, म्हणून मीही गेले. पिंड मांडले, वर काळे तीळ, बाजूला द्रोणात दहीभात आणि आजोबांना आवडायची म्हणून एक बाकरवडी. कावळे समोरच्या झाडावर भरपूर, पण खाली एक उतरेल तर शपथ. मग नेहमीचं सुरू झालं. एकेकानं हात जोडून आजोबांना शब्द द्यायचा. बाबा म्हणाले, आईला एकटं पडू देणार नाही. कावळे ढिम्म. तेवढ्यात नात्यातले एक काका सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "जीव मुलात अडकलाय. सुनेनं तिकडे नेऊन ठेवला ना त्याला. परत येतो म्हणायला सांगा, आत्ता शिवतो की नाही बघा." सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या.

आजी तिथेच पायरीवर बसल्या होत्या. म्हणाल्या, "मी जन्मभर संसार केला त्यांच्याशी. त्यांच्या मनात काय चाललंय ते मला कधी धड कळलं नाही. तुम्हाला झाडावरच्या कावळ्याकडे बघून कळलं होय?" गुरुजींना पुढचा यजमान खोळंबलेला दिसत होता. त्यांनी दर्भाचा कावळा केला, पिंडाला शिववला, आणि विधी पार पडला.

आता बघ, आजोबा तिथे आहेत याबद्दल आजींना तिळमात्र शंका नव्हती. काकांनाही नव्हती. पण आजींची खात्री 'ते आहेत' इथे थांबत होती. काकांची त्यापुढे जाऊन, त्यांना काय हवंय आणि ते कुणी करायचं, इथवर पोचली होती. मला गर्व दिसतो तो या पुढच्या पावलात.

तू म्हणशील, पण पुरावा कुठाय? कावळा आला की आजोबा आले, नाही आला की दर्भाचा कावळा. म्हणजे काहीही झालं तरी आजी बरोबरच. खरं आहे, आणि तर्क म्हणून ते टिकत नाही. मला स्वतःलाही आजोबा गच्चीवर येतात असं वाटत नाही. पण आजी चुकत असतील, एवढ्यानं त्या उद्धट होत नाहीत. आत्ताच गणपती झाले. आपल्या उत्तरपूजेत 'आवाहनं न जानामि, न जानामि तवार्चनम्' म्हणतात ते तू ऐकलं असशील: तुला बोलवायचं कसं ते मला येत नाही, पूजा कशी करायची तेही येत नाही, क्षमा कर. देव आहे की नाही अशी शंका त्यात नाही, ते कबूल. शंका आहे ती स्वतःच्या लायकीबद्दल. आजी ते अर्थ समजून म्हणतात.

आपल्याकडचं सगळ्यात गर्विष्ठ वाटणारं वाक्य तुकोबांचं असेल: 'वेदाचा तो अर्थ आम्हांसीच ठावा, येरांनी वाहावा भार माथां'. अर्थ आम्हालाच कळलाय, बाकीच्यांनी नुसतं ओझं वाहावं! पण म्हणतोय कोण ते बघ. ज्याला वेद म्हणायचा अधिकारच नाही असं धर्माचे जाणकार सांगत होते, ज्याला आपल्या अभंगांच्या वह्या इंद्रायणीत बुडवाव्या लागल्या, तो देहूचा वाणी. पुढे लगेच म्हणतात, 'खादल्याची गोडी देखिल्यासी नाहीं'. मी चाखलंय, तुम्ही लांबून बघताय. हे जाणकार वाघोलीच्या रामेश्वरभटांसारखे विद्वान होते, आणि पुढे रामेश्वरभटच तुकोबांचे भक्त झाले असं वारकरी सांगतात. हे वाक्य एखाद्या मठाधिपतीनं शिष्यांपुढे म्हटलं असतं तर मला ते सहन झालं नसतं.

तू राहतेस त्या गावात हा वाद नवा नाही. जोतिराव फुल्यांनी २४ सप्टेंबर १८७३ला पुण्यात सत्यशोधक समाज काढला. हे सगळं निर्माण करणारा 'निर्मिक' आहे, याबद्दल त्यांना तुझ्या आजींइतकीच खात्री होती. पण त्यातून त्यांनी काढलं काय, तर सगळी माणसं त्याची लेकरं, मध्ये दलाल नकोत. त्याच वर्षी त्यांनी भटजीशिवाय लग्न लावून दाखवलं. अदृश्यावरच्या खात्रीनं पुण्यातल्या सगळ्यात मोठ्या गर्वाला हात घातला होता.

आणि गोपाळ गणेश आगरकर अगदी उलट टोकाला. देव आहे की नाही हे माणसाला कळण्यासारखं नाही, असं मानणारे. १८८८ साली 'सुधारक' काढलं, पुढे फर्ग्युसनचे प्राचार्य झाले, १८९५ साली चाळिशीच्या आत गेले. खात्री नसलेला माणूस म्हणून मऊ बोलायचे असं समजू नकोस, त्यांची भाषा चामडी सोलणारी होती. आणि 'आम्हाला माहीत आहे' म्हणणाऱ्या पुणेकरांनी काय केलं, तर त्यांच्या जिवंतपणी त्यांची प्रेतयात्रा काढली. तिरडीबिरडीसकट. (पुण्यात मतभेद व्यक्त करायच्या पद्धती पाट्यांपुरत्याच नव्हत्या.)

आजोबांच्या दहाव्याच्या त्या घाटाला लागून जो पूल आहे, महर्षी विठ्ठल रामजी शिंदे पूल, त्याच्यावर २० ऑगस्ट २०१३च्या सकाळी डॉक्टर नरेंद्र दाभोलकरांना गोळ्या घातल्या. २०२४ साली कोर्टानं दोघांना जन्मठेप दिली. ते ज्या जादूटोणाविरोधी कायद्यासाठी वर्षानुवर्षं झटले, त्याचा अध्यादेश त्यांच्या खुनानंतर काही दिवसांतच निघाला आणि त्याच वर्षी डिसेंबरात विधिमंडळात कायदा झाला. तो तू एकदा वाच, मराठीत आहे. पूजा, वारी, प्रदक्षिणा, कीर्तन, प्रवचन, यांना तो हात लावत नाही. हात घालतो तो भूत उतरवतो म्हणून माणसाला बांधून मारणाऱ्याला, साप चावलेल्याला डॉक्टरकडे जाऊ न देता मंत्र घालत बसणाऱ्याला. आजी काय मानतात याच्याशी सरकारला कर्तव्य नाही. घाटावरचे काकाही अर्थात त्यातून सुटतील. सगळ्या गर्वावर कायदा कुठे करणार!

आता तुझ्या शेवटच्या ओळीबद्दल. 'मी आजीला "हे खोटं आहे" म्हटलं तर तो माझा गर्व होईल का?' नाही होणार, बिनधास्त म्हण. आजींना वाद आवडतो, तुझ्या बाबांपेक्षा त्यांचं डोकं तल्लख आहे. मात्र त्यांचाही प्रश्न येईल, तयारीत राहा. लग्न होऊन आले तेव्हा मीही तुझ्याच तोऱ्यात म्हटलं होतं, मेल्यावर काही नसतं. त्या भाजी निवडता निवडता म्हणाल्या, "जाऊन आलीस का?" इथे माझ्या ऑफिसात जेवायच्या सुट्टीत परलोकाचा निकाल लावणारे दोन्ही बाजूंचे लोक आहेत. त्यांचं ऐकताना मला तो प्रश्न हमखास आठवतो.

फक्त सर्वपित्रीच्या दिवशी वाद घालायचा तर दुपारी जेवणं झाल्यावर घाल. वडे, खीर, आमसुलाची चटणी, सगळं त्या सकाळपासून उपाशीपोटी करतात. आणि गच्चीच्या जिन्याला कठडा नाही, वाडीचं पान तू धर.

तुझी,
आई