वाचकांचे प्रश्न : मोबाइलवरील ध्वनिमुद्रण आणि मोफत साधने

प्रश्न : मी जिल्हा परिषदेच्या शाळेत दुसरीच्या वर्गाला शिकवते. मुलांना घरी ऐकता याव्यात म्हणून कविता आणि गोष्टी माझ्या आवाजात मोबाइलवर ध्वनिमुद्रित करते; परंतु वर्गात केलेल्या प्रत्येक मुद्रणात आवाज घुमतो आणि पंख्याची घरघर येते. शाळेत एक जुना संगणक आहे. चांगला माईक घ्यावा लागेल का, की मोफत सॉफ्टवेअरने हे दोष काढता येतील?
– एक शिक्षिका, सातारा जिल्हा

उत्तर : माईकवर पैसे खर्च करण्याआधी आपण खोली बदलावी, असा माझा आग्रह आहे. आपण सांगितलेले दोन्ही दोष एकाच मुद्रणात आले असले, तरी त्यांची जात वेगळी आहे. पंख्याची घरघर सुरुवातीपासून शेवटपर्यंत जवळजवळ एकसारखी असते, त्यामुळे सॉफ्टवेअरला तिचा नमुना दाखवला की ती बऱ्याच अंशी काढून टाकता येते. घुमणारा आवाज मात्र आपलाच असतो. तो भिंती, फरशी आणि पत्र्यावर आपटून क्षणभर उशिरा माईकपर्यंत पोहोचतो आणि मूळ शब्दांत असा मिसळून जातो, की तो काढायला गेल्यास शब्दांचीच धार जाते. म्हणून घुमणे मुद्रणाच्या वेळीच टाळायला हवे.

रिकाम्या वर्गापेक्षा घरातील गाद्या, गोधड्या आणि कपड्यांनी भरलेली लहान खोली कितीतरी चांगली, कारण मऊ वस्तू आवाज शोषून घेतात. पंखा बंद करावा, फोन फ्लाइट मोडवर ठेवावा आणि तो तोंडापासून साधारण एक वीत अंतरावर, किंचित बाजूला धरावा. अगदी समोर धरल्यास ‘प’, ‘फ’, ‘भ’ या अक्षरांबरोबर येणारा श्वास माईकवर आदळतो. अंतर कमी केल्याने खोलीच्या तुलनेत आपला आवाज ठळक होतो, आणि महागड्या माईकने जे साधेल त्यातील बरेचसे येथेच साधते. वाचन सुरू करण्यापूर्वी दहा सेकंद काही न बोलता मुद्रण चालू ठेवावे. ही शांतता पुढे उपयोगी पडते.

संपादनासाठी ‘ऑडॅसिटी’ हे सॉफ्टवेअर पुरेसे आहे. अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठात १९९९ मध्ये त्याचे काम सुरू झाले आणि २००० पासून ते सर्वांसाठी मोफत उपलब्ध आहे. ही दहा सेकंदांची शांतता निवडून ‘नॉइज रिडक्शन’मध्ये तिचा नमुना नोंदवावा, मग संपूर्ण मुद्रण निवडून तोच ‘इफेक्ट’ लागू करावा. येथे हात आखडता ठेवणे फार महत्त्वाचे आहे : ६ ते १२ डेसिबलपर्यंत (डेसिबल म्हणजे आवाजाची पातळी मोजण्याचे एकक) घट पुरते, त्याहून अधिक केल्यास आवाज पाण्याखालून आल्यासारखा वाटू लागतो, आणि मुलांच्या कानांना थोडी घरघर त्यापेक्षा कमी त्रासदायक असते.

एक अडचण आपल्याला हमखास येईल. अनेक मोबाइल ‘एम४ए’ प्रकारची फाइल तयार करतात आणि विंडोज संगणकावरील ऑडॅसिटी ती ‘एफएफएमपेग’ नावाच्या मोफत जोडणीशिवाय, म्हणजे वेगळ्या बसवायच्या पूरक सॉफ्टवेअरशिवाय, उघडत नाही. ही जोडणी बसवावी, किंवा मुद्रणाच्या ॲपमध्ये ‘वेव्ह’ प्रकार निवडावा. एका वाहिनीच्या, म्हणजे ‘मोनो’, वेव्ह फाइलला मिनिटाला सुमारे ५ एमबी जागा लागते. तीच ६४ केबीपीएसच्या (सेकंदाला ६४ किलोबिट) एमपी३ या आटोपशीर प्रकारात अर्ध्या एमबीत मावते. मूळ वेव्ह शाळेच्या संगणकावर जपून ठेवावी आणि पालकांना एमपी३ पाठवावी. ज्या घरात दिवसाचा डेटा तीन भावंडांत वाटला जातो, तेथे हा फरक मोठा आहे.

प्रश्न : मुलांनी काढलेली चित्रे आणि आमचे वाचन जोडून व्हिडिओ केल्यास तो यूट्यूबवर टाकता येईल का? कोणत्या कविता घेता येतील?
– एक शिक्षक, नांदेड जिल्हा

उत्तर : चित्रे आणि आवाज जोडण्यासाठी ‘ओपनशॉट’ किंवा ‘शॉटकट’ ही मोफत साधने चांगली आहेत. त्यांच्या प्रकल्प-फाइलमध्ये चित्रे प्रत्यक्ष साठवली जात नाहीत, केवळ त्यांचा पत्ता नोंदवलेला असतो. त्यामुळे सर्व साहित्य आधीच एका फोल्डरमध्ये ठेवावे आणि काम संपेपर्यंत ते हलवू नये. मराठी शीर्षकांसाठी ‘मुक्त’ किंवा ‘नोटो सान्स देवनागरी’ यांसारखा मोफत युनिकोड फाँट वापरावा.

हक्कांचा प्रश्न आपण आधीच विचारला, याचे मला मनापासून समाधान वाटते. १९५७च्या कॉपीराइट कायद्यानुसार लेखकाच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या साहित्यावरील हक्क त्याच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षे टिकतो. बालकवी १९१८ मध्ये निवर्तले, त्यामुळे त्यांच्या कविता आपण निर्धास्तपणे वाचू शकता. परंतु एखाद्या गायकाने गायलेल्या त्याच कवितेच्या ध्वनिमुद्रणावर वेगळा हक्क असतो, म्हणून चाल आणि आवाज आपलाच असू द्यावा. वर्गात शिकवण्यासाठी कायद्याने शिक्षकांना सवलत दिली आहे, पण तीच गोष्ट इंटरनेटवर प्रसिद्ध करणे हे वेगळे कृत्य ठरते. पाठ्यपुस्तकातील अलीकडच्या कवींसाठी परवानगी घ्यावी. मुलांचे चेहरे व पूर्ण नावे व्हिडिओत नसावीत, आणि त्यांच्या आवाजासाठी पालकांची लेखी संमती असावी.

प्रश्न : माझ्या मावशींना जात्यावरच्या शेकडो ओव्या पाठ आहेत. त्या ध्वनिमुद्रित करताना जात्याचा आवाज काढून टाकावा का?
– एक वाचक, लातूर

उत्तर : मुळीच काढू नये. ओवीची लय जात्याच्या फेऱ्याशी बांधलेली आहे, आणि पुष्कळ स्त्रियांना दळता दळता जशा ओव्या सुचतात तशा नुसते बसून सुचत नाहीत. शक्य असल्यास दोन मुद्रणे करावीत : एक दळताना, आणि दुसरे नंतर शांत बसून, शब्द व अर्थ विचारत. दळताना फोन जात्याजवळच्या जमिनीवर ठेवू नये, कारण कंप थेट माईकमध्ये शिरतो. तो घडी घातलेल्या गोधडीवर, मावशींच्या तोंडाच्या उंचीला ठेवावा.

हेमा राईरकर आणि गी पॉइट्वाँ यांनी सहकाऱ्यांसह महाराष्ट्राच्या गावोगावी एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. ओवीबरोबर गाणारीचे नाव आणि गावही नोंदवलेले असल्याने त्या संग्रहाचे मोल फार मोठे आहे. आपणही प्रत्येक मुद्रणाच्या आरंभी मावशींकडूनच त्यांचे नाव, माहेरचे व सासरचे गाव आणि ती ओवी कोणाकडून शिकल्या हे वदवून घ्यावे, म्हणजे ही माहिती फाइलपासून कधी वेगळी होणार नाही. हे मुद्रण कोणाला ऐकवायचे आणि कोणाला नाही, हेही त्यांना सुरुवातीलाच विचारावे. काही ओव्या सासुरवासाच्या असतात आणि त्या घराबाहेर जाऊ नयेत असे त्यांना वाटू शकते.